डोरलीच्या देठातला आवाज

आक्का गेल्याचा निरोप निपाणीला पोचला तो आश्विनातल्या एका दुपारी, शाळेच्या मधल्या सुटीत. कडोलीचे एक ओळखीचे गृहस्थ तंबाखूच्या वखारीत कामाला आले होते. ते शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि मला बघून नुसतीच मान हलवली. "कोण?" मी विचारलं. "चंद्राक्का... परवा सकाळी. आठ दिस ताप हुता," एवढं बोलून ते जमिनीकडं बघत राहिले. आवारात मुलींच्या फुगड्या चालल्या होत्या, नुसता आरडाओरडा. त्या गोंगाटात मी उभी होते आणि मनात एकच आलं, की आक्का इथं असती तर तिला यातलं काही ऐकू आलं नसतं, पण माझ्या तोंडाकडं एकदा बघून तिनं विचारलं असतं, "काय झालं गं, सुंदरे?"

माझी ही थोरली बहीण चाळीस वर्षं बहिरी होती. शहापुरात एका विणकराच्या घरी ती जन्मली, कडोलीला एका शेतकऱ्याच्या घरी नांदली, आणि तिथंच गेली. अक्षराची तिला ओळख नव्हती. तिच्याविषयी वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं असं काय आहे, असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येणार नाही. पण आपल्याकडं ज्यांचा मध काढतात त्या माश्या सोडून दुसऱ्या किती तरी माश्या असतात. त्यांना पोळं नसतं, राणी नसते, फौज नसते. प्रत्येक माशी आपापलं घर एकटीनं बांधते, आणि रानातली निम्मी फुलं त्यांच्या जिवावर फळाला येतात. हे मला कुठल्या शाळेत कळलं नाही. आक्कानं दाखवलं. आज शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, पण बघायला मी तिच्याकडून शिकले.

तिला ताप आला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती आणि मी पाळण्यात. महिनाभर ती अंथरुणाला खिळली, आणि उठली ती कान गमावूनच. त्यामुळं ऐकणारी आक्का मला आठवतच नाही. बोलायची मात्र ती चांगलं, कारण बोलणं आधी शिकलेली होती. फक्त आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळं तो कधी भलताच मोठा व्हायचा, कधी कुजबुजीइतका बारीक. एकदा देवळात कीर्तन रंगात आलं असताना ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "बुवाचं धोतर सुटाय लागलंय!" तिच्या मते ते हळूच होतं. सगळ्या देवळानं ऐकलं, बुवांनीही ऐकलं, आणि त्यांनी अभंगाच्या मधेच धोतर सावरलं. आई लाजेनं खाली बघत राहिली. आक्का सगळे का हसतात म्हणून माझ्याकडं बघत होती.

आमच्या घरात खड्ड्याचा माग होता. आप्पा, म्हणजे आमचे वडील, खड्ड्यात पाय सोडून दिवसभर साडी विणायचे, आणि आक्का रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे बोटाएवढी बोरूची पोकळ नळी. तिच्यावर आडवं सूत गुंडाळून ती धोट्यात, म्हणजे सूत आरपार नेणाऱ्या लाकडी होडीत बसवतात. रिकाम्या कांड्यांची एक टोपली खिडकीत पडलेली असायची. पाऊस संपून ऊन पडायला लागलं होतं, अशा एका सकाळी आप्पांनी टोपलीतली कांडी उचलली तर तिचं तोंड पानांनी बंद केलेलं. दुसरी उचलली, तीही तशीच. टिकलीएवढे हिरवे गोल तुकडे, एकावर एक दाबून बसवलेले. आप्पांचा पारा चढला. कामाच्या जिनसांत कुणी पाला कोंबावा, तर घरात बसून असणारी ही एकटी. त्यांनी काही न विचारता आक्काच्या पाठीत धपाटा घातला. ती तेव्हा तेरा वर्षांची असेल. काय झालं ते तिला कळलंच नाही. आप्पांच्या हातातली कांडी बघून मग कळलं, पण तोवर ते परत खड्ड्यात जाऊन बसले होते, आणि तोंड फिरवलेल्या माणसाशी बहिऱ्यानं बोलायचं कसं?

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून खिडकीखाली जाऊन बसली. आई जेवायला बोलवायला गेली तर उठेना. मी तिच्या शेजारी बसून कंटाळले, उठून गेले, परत आले. दुपारी उन्हं खिडकीवर आली आणि एक काळपट, मधमाशीएवढी माशी आत शिरली. तिनं पोटाखाली हिरव्या पानाचा एक तुकडा सुरळी करून धरला होता, आपल्याहून मोठा. ती थेट एका कांडीत घुसली. आक्का ताडकन उठली, धावत मागाकडं गेली आणि आप्पांचा दंड धरून त्यांना ओढायला लागली. सूत तुटलं, आप्पा ओरडले, पण ते तिला ऐकू यायचं नव्हतंच. तिनं त्यांना खिडकीपाशी आणून उभं केलं. माशी बाहेर आली, उडाली, आणि थोड्या वेळानं दुसरा तुकडा घेऊन आली. आप्पा किती तरी वेळ बघत राहिले... मग आक्काकडं वळून म्हणाले, "चुकलं माझं, पोरी." ते पुटपुटलेच, त्यामुळं तिला ओठ वाचता आले नाहीत. "काय?" ती म्हणाली. आप्पा परत म्हणाले. "आं?" शेवटी त्यांनी तोंड मोठं उघडून, गल्लीला ऐकू जाईल असं, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "माझं... चुकलं!" शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. आप्पांनी दुसऱ्या दिवशी नवा बोरू आणून कांड्या कापल्या आणि ती खिडकीतली टोपली आक्काला देऊन टाकली.

त्यातली एक कांडी तिनं नखानं उभी चिरून बघितली होती. आत पानांच्या इवल्या इवल्या वाट्या, विड्यांसारख्या एकीला एक लागून. प्रत्येक वाटीत फुलांच्या परागाचं पिवळं ओलसर पीठ, आणि पिठावर तांदळाच्या कणीहून बारीक अंडं. ते बघून तिला फार आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं, कारण चिरलेली कांडी परत जोडता येईना. तिनं सुतानं गुंडाळून बघितली, पण आतली पिल्लं काही जगली नाहीत. त्यानंतर आयुष्यात तिनं असलं एकही घर उघडून बघितलं नाही. नुसती बघत बसायची. त्या माशीला ती शिंपीण म्हणायची. "शिंपीण पिल्लांचं तोंड बघत न्हाय," ती मला सांगायची. "शिदोरी बांधती, दार लावती आन् जाती. पोरं आपली आपण बाहेर पडत्यात. आई कोण ते त्यास्नी ठावं न्हाय."

मी सात-आठ वर्षांची असताना शहापुरात उंदीर पडायला लागले, आणि सगळं गाव प्लेगच्या भयानं घरं सोडून बाहेर निघालं. वडगावच्या पुढं माळावर आम्ही जोंधळ्याच्या ताटांची झोपडी घातली. माग काही बरोबर नेता येत नाही. आप्पा दिवसभर नुसते बसून असायचे, आई रोज गावात कोण गेलं ते ऐकून रडायची. आक्काला मात्र जन्मात पहिल्यांदा काम नव्हतं. ती मला घेऊन माळभर हिंडायची. कुर्डूचे गुलाबी तुरे वाळत आले होते, बांधाला तरवड पिवळाधमक फुलला होता, ओढ्याच्या काठी डोरलीची काटेरी झुडपं होती, जांभळट निळ्या फुलांची. कुठल्या फुलावर कोण येतं ते तिनं आठवडाभरात हेरलं. तरवडावर काळे मोठे भुंगे. कुर्डूवर मुंगीएवढ्या माश्या. आणि डोरलीवर एक गुबगुबीत माशी, जिच्या काळ्या पोटावर निळे झळझळीत पट्टे होते. विणकराच्या लेकीला दुसरं काय सुचणार? तिनं तिचं नाव ठेवलं निळकाठी, निळ्या काठाची.

एका सकाळी तिनं मला डोरलीच्या झुडपापुढं बसवलं. "डोळं झाक. काटं चुकवून फुलाचा देठ धर. दाबू नगंस, नुसता धर." मी डोळे मिटून देठ धरला. बराच वेळ काही नाही. माझ्या बोटाला एक काटा लागलेला, तो चुरचुरत होता. मग फूल एकदम जड होऊन वाकलं, आणि देठातून एक बारीक, वेगवान थरथर माझ्या बोटात शिरली... थांबली... परत आली. माझ्या अंगावर काटा आला. डोळे उघडले तर निळकाठी फुलाला मिठी मारून लोंबकळत होती. "आलं?" आक्कानं विचारलं. मी जोरानं मान हलवली. ती हसली. "मागाचा आवाज मला पायांतनं येतोय. हिचा बोटांतनं. दुसरा कसला येत न्हाय आता." मग तिनं फूल उलटून दाखवलं. डोरलीचं पीठ पिवळ्या नळ्यांत कोंडलेलं असतं आणि नळीला अगदी टोकाशी सुईच्या नेढ्याएवढं दार. इतर माश्या येतात, बसतात, रिकाम्या जातात. निळकाठी फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा ते पीठ भुरूभुरू तिच्या पोटावर पडतं. "हलवणारी आली न्हाय तर फूल तसंच वाळून जातंय," आक्का म्हणाली. पुढं किती तरी वर्षांनी मी वर्गात मुलींना हे सांगितलं तेव्हा माझ्या बोटाला परत ती थरथर जाणवली.

त्याच माळावर एका संध्याकाळी तिनं मला वाळलेल्या गवताची एक काडी दाखवली. तिच्यावर सात-आठ निळकाठी ओळीनं झोपले होते, काडी दातांत धरून, पाय हवेत सोडून. ते नर. माद्या ओढ्याच्या मातीच्या कडेला भोकं करून आत राहतात, नरांना घर नसतं. "ह्यास्नी कुणी आत घेत न्हाय," आक्का म्हणाली आणि आमच्या झोपडीकडं, गावाकडं, मग परत त्या काडीकडं बघत राहिली. वारा आला की सगळी रांग हलायची, पण एकाचाही दात सुटत नव्हता. पुढं महिन्याभरानं आम्ही घरी परतलो. आमच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. शेजारच्या तीन घरांची दारं मात्र बंदच राहिली.

आक्काच्या लग्नाचं काही जमेना. लोक बघायला यायचे, नाकीडोळी नीटस मुलगी बघून खूश व्हायचे आणि कान कळले की चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे. ती एकोणीस वर्षांची झाली. त्या काळात हे वय म्हणजे आईच्या डोळ्याला डोळा लागू नये असं. मग कडोलीचे परशराम पाटील आले. पहिली बायको प्लेगात गेलेली, मूलबाळ नाही, चार बिघे जमीन आणि घरी म्हातारी आई. माणूस थोराड, आणि मिशा अशा भरघोस, की वरचा ओठ दिसतच नव्हता. त्यांनी आक्काला दोन-तीन गोष्टी विचारल्या. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळून, आपल्या मते हळूच म्हणाली, "मिशीच्या मागं काय बोलतोय कळत न्हाय गं. कापाय सांग."

आप्पा वरमले. पाव्हणे उठून गेले. आम्ही समजलो, हेही स्थळ गेलं. आठव्या दिवशी ते परत आले. मिशी पार काढलेली! आमच्या भागात मिशी काढतात ती घरात सुतक आलं तरच. वाटेत भेटेल तो त्यांना विचारत होता, "कोण गेलं?" आणि ते सगळ्यांना सांगत आले होते, "कुणी गेलं न्हाय, कुणीतरी यायचं हाय." दारात उभं राहून त्यांनी आक्काकडं बघितलं आणि स्वच्छ, सुटं सुटं विचारलं, "आता... कळतंय?" आक्का त्यांच्याकडं बघून म्हणाली, "व्हय." तेवढंच. मरेपर्यंत त्या माणसानं मिशी ठेवली नाही... म्हणजे, आक्का मरेपर्यंत.

दाजींच्या घराला मागच्या बाजूला एक जुनी मातीची भिंत होती, परसाची. पावसाच्या बाजूला छपराची पुढं आलेली वळचण होती, त्यामुळं ती कोरडी राहायची, आणि तिच्यात निळकाठींची शेकडो भोकं. सासरी गेल्यावर तिसऱ्याच दिवशी आक्कानं ती हेरली. तिला माहेर सोबत आल्यासारखं वाटलं असावं. दाजींचं वांग्याचं रान त्या भिंतीला लागूनच होतं आणि वांग्याचं फूल म्हणजे डोरलीच्याच घराण्यातलं. तीच पिवळी नळकांडी, तेच टोकाचं दार. ती दाजींना सांगायची, "तुमची वांगी ह्या पिकवत्यात." दाजी हसायचे. सासूला मात्र हे असलं भिंतीशी बसून राहणं आवडायचं नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी आक्काला मुलगी झाली. बारशाआधीच गेली. त्यानंतर ती भिंतीपाशी जास्तच बसायला लागली, आणि लोक म्हणायला लागले, परशरामाच्या बायकोचं डोकं फिरलं.

पुढच्या गोष्टीत माझाही थोडा दोष आहे. वैशाखात माझं लग्न झालं. आक्का दहा दिवसांसाठी शहापुरात आली होती. मी हट्ट करून तिला आणखी चार दिवस ठेवून घेतलं. नेमकी त्याच वेळी कडोलीला जत्रा आली. घरी पाव्हणे येणार म्हणून सासूबाईंनी गवंडी लावून सगळ्या घराला चुन्याचा गिलावा करून घेतला. मागच्या भिंतीलासुद्धा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सुनेनं परत यावं आणि लखलखीत घर बघून आनंदावं, असंच त्यांना वाटत होतं. आक्का घरात आली, परसात गेली, आणि ती पांढरीशुभ्र भिंत बघून उभी राहिली. मागून दाजी आले. ती वळली तेव्हा, दाजींनी मला नंतर सांगितलं, तिचं तोंड हलत होतं पण आवाज बाहेर पडत नव्हता. "आत... पिल्लं हायती," एवढंच त्यांना ओठांवरून कळलं. बहिऱ्या बायकोच्या ओठांवरून वाचायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दाजी उठले तर शेजारी आक्का नाही. परसात जाऊन बघतात तर ती पाटावर बसून, पोत्याची सुई म्हणजे दाभण असतो ना, त्यानं गिलावा कोरत होती. "मी रागवायचंच ठरवून गेलतो," दाजी मला म्हणाले होते. "नवा गिलावा, आईनं हौसेनं केल्याला, जत्रंचं पाव्हणं यायचं. पण जवळ गेलो तर बघतोय, ती अंदाजानं कोरत नव्हती. भिंतीवर हात फिरवायची, थांबायची, म्हणायची 'हितं'. कोरलं की खाली भोक. परत 'हितं'. परत भोक! दोन-तीन वर्षं रोज बघून तिला सगळी भिंत पाठ झाल्ती. तुमी इणकराची पोरं... एक धागा हुकला तर कळतोय तुमास्नी." मग दाजी आत गेले, एक खिळा घेऊन आले आणि तिच्या शेजारी बसले. ती बोट ठेवायची, ते कोरायचे. दुपारपर्यंत नव्या गिलाव्याची चाळण झाली. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. जत्रेला आलेल्या पाव्हण्यांनी भिंत बघून खाणाखुणा केल्या. सासूबाईंनी पुढं दोन महिने सुनेशी अबोला धरला, आणि आक्काला तो पहिल्याच दिवशी कळला. ज्याला फक्त ओठ बघून बोलणं कळतं, त्याला मिटलेले ओठ सगळ्यांत आधी दिसतात.

पाऊस सुरू झाला. आषाढ गेला. भिंतीतून काहीच बाहेर येईना. आक्का रोज सकाळी जाऊन बघायची आणि चुलीपाशी येऊन बसायची. दाजींना वाटायला लागलं, पिल्लं गुदमरली असतील, आता हिला काय सांगावं? श्रावणात उघडीप पडली तेव्हा एका भोकात दोन मिशा हलल्या. मग डोकं आलं, धुळीनं माखलेलं. ती माशी भोकाच्या तोंडाशी बसून आपलं तोंड पुसत राहिली, किती तरी वेळ, आणि मग उडाली. हे आधी बघितलं ते सासूबाईंनी! त्या वांगी तोडायला परसात गेल्या होत्या. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, मग लक्षात आलं, की हाक मारून उपयोग नाही. म्हातारी तशीच ओल्या पायांनी घरात धावत आली आणि आक्काचा हात धरून तिला ओढत परसात घेऊन गेली. सगळी भोकं काही जागी झाली नाहीत. निम्म्याहून जास्त मुकीच राहिली. पण पुढच्या वर्षी गवंडी आला तेव्हा सासूबाईंनीच त्याला मागच्या भिंतीपाशी अडवलं. "ती सोड," म्हणाल्या. "तितं आमच्या सुनंची माणसं राहत्यात."

त्या साली वांगी कशी आली, असं मी दाजींना विचारलं होतं. "लई आलती," ते म्हणाले. आता ती पावसामुळं आली, खतामुळं आली की माश्यांमुळं, मला सांगता येणार नाही. दाजींना विचाराल तर ते भिंतीकडंच बोट दाखवतील.

मी निपाणीला शाळेत लागल्यावर आक्का चार-पाच वेळा माझ्याकडं राहून गेली. सर्व्हिस मोटारीतून उतरायची ती तंबाखूच्या वासानंच हैराण होऊन, पदर नाकाला लावून शिंकत. तंबाखूच्या शेतात बायका शेंडे खुडताना बघून ती थबकली. "फुलं खुडून टाकत्यात?" मी म्हटलं, पान जाड व्हावं म्हणून खुडतात. "मग माशीनं काय खायाचं?" एकदा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्याजवळचं एक इंग्रजी पुस्तक तिला मुद्दाम दाखवायला आणलं. त्यात पान कापणाऱ्या माशीचं रंगीत चित्र होतं. आक्कानं ते उजेडात नेऊन बघितलं, जवळ धरलं, लांब धरलं. बाई कौतुकानं वाट बघत होत्या. "चांगलं काढलंय," आक्का म्हणाली, "पण चुकलंय. ही पायांवर पीठ न्हेत न्हाय. पोटाखाली केस असत्यात, त्यात न्हेती." बाईंनी चष्मा पुसला, मजकूर वाचला, आणि खरंच, मजकुरात पोटाखालीच लिहिलं होतं. चित्रकाराचं चुकलं होतं. त्या दिवसापासून बाई तिला अहो-जाहो करायला लागल्या, आणि हे काय नवीन म्हणून आक्का माझ्याकडं बघून डोळे मिचकावायची.

शेवटची भेट यंदाच्या श्रावणात. देश स्वतंत्र झाला तेव्हा शाळेला सुटी होती, मी कडोलीला गेले होते. गावात मिरवणूक निघाली, लेझीम, हलगी, झेंडे. आक्का कट्ट्यावर तळवा जमिनीला टेकून बसली होती. हलगी तिला तशी ऐकू यायची. ती वाळली होती, केस पार पिकले होते, पण डोळे तसेच. "काय झालं म्हणून नाचत्यात?" तिनं विचारलं. मी ओठ मोठे करून सांगितलं, "इंग्रज गेला." "कुठं?" "त्याच्या घरी." ती थोडा विचार करून म्हणाली, "बरं झालं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी ऱ्हावं." मग मिरवणूक पुढं गेली, तिनं जमिनीवरचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला. निघताना ती मला वाटेपर्यंत पोचवायला आली. वाटेच्या कडेला केन्याची निळी फुलं होती, त्यातलं एक तिनं वाकून बघितलं आणि मला हातानंच पुढं जा म्हणाली. मोटार चुकेल म्हणून मी थांबले नाही. मागं वळून बघितलं तेव्हा ती अजून वाकलेलीच होती...

निरोप आला त्या संध्याकाळीच मी कडोलीला गेले आणि दिवसकार्य उरकेपर्यंत राहिले. सुतकात कुणी दाजींना विचारलं, बहिऱ्या बाईबरोबर तीस वर्षं कशी काढली? तर ते म्हणाले, "माझ्याकडं इतकं कुणी बघितलं न्हाय." एवढं बोलून ते उठले आणि गोठ्याकडं गेले.

माझ्या निघायच्या सकाळी मी ओसरीवर पिशवी बांधत होते. दाजी रानातून आले. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले आणि त्यांनी उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटला. मी दचकले. मग लक्षात आलं. आक्काला मागून कुणी आलेलं कळायचं नाही, ती दचकायची, म्हणून खोलीत शिरण्याआधी जमिनीवर पाय आपटून ते तिला आपण आल्याचं सांगत असणार. लग्न झाल्यापासून, रोज. दाजींच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते तसेच उंबऱ्यात उभे राहिले, हातात विळा, पायाला चिखल. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. क्षणभर थांबले, आत कुणाला तरी मान वळवायला लागतो तेवढा वेळ, आणि मग आत गेले.